नकाशावरची रिकामी जागा

मे महिना, दुपारचा एक. हातात टॅब, बगलेत उपग्रहचित्राची छापील शीट. ओढ्याकाठी कोयत्याच्या पात्यासारखा एक वाकडा तुकडा होता, त्यावर मी उभा होतो. ना माणूस, ना कुत्रं. यादीतून ‘रिकामी जागा’ निवडलं, फोटो काढला आणि पुढच्या बोळात शिरलो. दोन मिनिटांचं काम.

तेव्हा मी एका खासगी कंपनीत सर्व्हेअर होतो. शहराचा विकास आराखडा करण्याआधी आजची जमीन कशासाठी वापरली जाते याचा नकाशा काढावाच लागतो. नगररचना कायद्याच्या, म्हणजे 1966 च्या अधिनियमाच्या कलम 25 मध्येच ते आहे. घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, बागा-मैदानं हिरवी. रिकामं ते पांढरं. पुढं आराखडा आखणाऱ्याच्या डोळ्यांना नेमका हा पांढरा डाग दिसतो, आणि रस्ता, पार्किंग, पंपिंग स्टेशन, जे कुठंच बसत नाही ते तिथं बसवलं जातं. मला हे ठाऊक होतं. पण दिवसाला ऐंशी मिळकती उरकायच्या असल्या की शीटवरून नजर वर उचलायलाही सवड होत नाही.

संध्याकाळी दिवसाचं काम तपासताना त्या फोटोला लोकेशनच पडलं नसल्याचं लक्षात आलं. साडेपाचला परत गेलो, आणि आधी वाटलं की आपण बोळ चुकलो.

पोरांचे दोन डाव एकाच वेळी चालले होते. एका घराच्या मागच्या भिंतीवर विटकरीच्या तुकड्यानं तीन उभ्या रेघा ओढलेल्या, ते स्टंप. त्यांच्यासमोरची माती खेळून खेळून शेणानं सारवल्यासारखी गुळगुळीत झालेली. दुपारी हाच पट्टा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला तो दिसला नव्हता. कडेला कुणाकुणाच्या घरातून निघालेल्या जुन्या शहाबादी फरश्या विटांवर टाकून कट्टा केलेला. त्याच्या टोकाला तुपाच्या डब्यात लावलेली तुळस आणि कढीपत्ता. पलीकडं बायका जुन्या साड्यांवरच्या कुरडया उलटून पाहत होत्या. एक मुलगी कट्ट्याला पाठ लावून मोठ्यानं पाढे म्हणत होती.

मी टॅब काढल्यावर कुरडयांपाशी बसलेल्या आजींनी विचारलं, ‘‘काय लिवतूस रं बाळा?’’

मी खरं ते सांगितलं. ‘‘रिकामी जागा, आजी.’’

‘‘रिकामी? मग आमी कुटं बसलोय?’’

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि माझ्याकडंही उत्तर नव्हतं.

कट्ट्यावरच्या एका काकांनी जागेची कथा सांगितली. ओढा सरळ करून भिंत बांधली तेव्हा त्याचं जुनं वळण कोरडं पडलं. ते कुठल्या लेआउटमध्ये नव्हतं, म्हणून कुणाचंच नव्हतं. मग रात्री ट्रॉल्या येऊन राडारोडा टाकू लागल्या. दोन पावसाळे डासांनी छळल्यावर गल्लीनं वर्गणी काढली, राडारोडा उचलला, त्यातल्याच विटा निवडून कट्टा बांधला. ‘‘परवानगी कुणाची घ्यायची तेच कळेना, म्हणून घेतली नाही,’’ काका म्हणाले.

मुंबईत माटुंग्याला उड्डाणपुलाखाली असंच उरलेलं ठिकाण होतं. तिथल्या रहिवाशांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून 2016 मध्ये खांबांमधून सुमारे सहाशे मीटरची बाग झाली, नर्मदेच्या वळणांसारखी वाट असलेली. ती जागा तिथवर पोचली, कारण कुणीतरी तिच्याकडं आपली म्हणून पाहिलं. माझ्या समोरच्या वळणाकडं तर अख्खी गल्ली तसं पाहत होती. बाग, कुंपण, तिकीट यातलं काही नसताना तिथं तीन पिढ्या एका वेळी रमल्या होत्या. पैसे खर्चून, आराखडे करून शहरं जे उभं करू पाहतात, ते इथं गल्लीनं आपलं आपण केलं होतं.

मी नोंद बदलायला घेतली, तर यादीत या जागेसाठी पर्यायच नव्हता. मैदान म्हणावं तर सरकारदरबारी तसं नाव नाही, बाग म्हणावं तर बाग नाही. सुपरवायझरला फोन केला. ‘‘पांढरं ठेव, शेऱ्यात लिही,’’ ते म्हणाले. शेऱ्यात मावेल तेवढं सगळं लिहिलं. नकाशा संगणकावर चढवताना शेऱ्याचा रकाना गळला. छापून आलेल्या शीटवर ते वळण पांढरंच होतं.

ते पाहिल्यावर झोप लागली नाही. त्या दिवसापासून मोकळी दिसणारी प्रत्येक जागा मी दोन वेळा पाहतो, एकदा उन्हात आणि एकदा दिवेलागणीला. उपग्रहाला छपरं दिसतात, झाडं दिसतात. भिंतीवरच्या तीन रेघा दिसत नाहीत.

प्रारूप आराखड्यावर हरकती मागवल्या तेव्हा रविवारी टेप घेऊन स्वतःहून तिथं गेलो. हरकतीला मापासह नकाशा जोडला की सुनावणीत बोलायला आधार मिळतो, हे काकांना सांगितलं. टेपचं दुसरं टोक पोरांनी धरलं. सगळं मिळून साडेनऊ गुंठे भरले. कागदावर पिच आलं, कट्टा आला, वाळवणाची जागा आली. आजींनी कुरडयांचा कोपरा जरा पुढं सरकवायला लावला, कारण सकाळचं ऊन तिथं आधी येतं. सह्या सुरू झाल्या तेव्हा एका पोरानं ओढ्याच्या भिंतीकडं बोट दाखवून हट्ट धरला, ‘‘दादा, तिथं लिही ना, बॉल पलीकडं गेला की आउट.’’

तेही लिहिलं.