नाथांच्या पालखीत मरणाच्या गप्पा

पैठणला माणूस दोन प्रकारे येतो, असं आमच्या घरी गमतीनं म्हणायचे: स्वतःच्या पायांनी, नाहीतर गाडग्यात. गोदाकाठच्या मोक्षघाटावर बारा महिने अस्थी येतात. दहाव्याला आलेली माणसं पिंड मांडून कावळ्याची वाट बघत उन्हात बसलेली असतात. आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीला याच गावातून नाथमहाराजांच्या पादुका निघतात, गावातल्या वाड्यातून बाहेरच्या समाधी मंदिरात आणि तिथून पंढरीच्या वाटेला. फाल्गुन वद्य षष्ठीला, १५९९ साली, नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीची नाथषष्ठी ही पैठणची सगळ्यात मोठी जत्रा. आमच्याकडं हे असंच आहे. संतांचा जन्म कधीचा यावर अभ्यासक वाद घालतात, पण देह ठेवल्याची तिथी लहान पोराला पाठ असते.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. वारीला गेलो तो काही शोधायला नव्हे, आईचा नेम तिला गुडघ्यांमुळे जमेना म्हणून. पण चनकवाडीच्या पहिल्या मुक्कामापासूनच कानावर ज्या गप्पा पडायला लागल्या त्या मरणाच्या होत्या. त्याही इतक्या मोकळ्या की मी चमकलोच.

२०२३ मध्ये सरकारनं वारकऱ्यांसाठी विमा छत्र जाहीर केलं. वारीत मरण आलं तर घरच्यांना पाच लाख. आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांनी या योजनेची पार चेष्टा करून टाकली होती. जरा कुणी धापा टाकत मागं राहिलं की, "ये बाई, दमानं चाल, तुझ्या पोराला अजून ट्रॅक्टर घ्यायचाय का?" त्यावर दुसरी, "न्हाई बाई, माझं पोरगं कंजूस हाय, त्या पैशात तेरावं बी करायचं न्हाई." एका मावशीनं पिशवीत तळाशी एक कोरं लुगडं ठेवलं होतं, घडीही न मोडलेलं. नेसायचं का नाही विचारलं तर म्हणाली, "मातीला हाय ते." आणि भाकरी वाढायला लागली.

एक बाई जवळ आली की मात्र ही चेष्टा थांबायची. तिशी-पस्तिशीची, बीडकडची, कपाळ मोकळं. नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं होतं. कर्जबाजारी शेतकऱ्यानं जीव दिला तर सरकार एक लाख देतं, पण आधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. तिनं पिठलं ढवळता ढवळता एकदाच सांगितलं, "आमचं अपात्र झालं." नंतर कुणी काही विचारलं नाही. मरणाशी आमची एवढी सलगी आहे असं आपण मोठ्या अभिमानानं सांगतो, पण ती सगळ्या मरणांशी नाही. म्हातारपणाचं, वारीतलं, तुळशीचं पान तोंडात पडलेलं मरण आम्ही गाऊन घेतो. फास आणि औषध यांच्यासाठी आमच्याकडं ना अभंग आहे ना विनोद. वारीनं तिला एवढं दिलं की डोक्यावर तुळस दिली आणि कपाळाकडं कुणी बघितलं नाही. हे थोडं नाही, पण पुरेसंही नाही असं मला वाटतं.

रायमोह्याच्या मुक्कामी कीर्तनात बुवांनी ती सात दिवसांची गोष्ट सांगितली. एकानं नाथांना विचारलं, तुम्हाला राग कसा येत नाही, मन इतकं शांत कसं? नाथ म्हणाले, ते राहू दे, तुला सात दिवसांनी मरण आहे. माणूस घरी गेला. ज्याच्याशी वैर होतं त्याच्या पाया पडला, उसने पैसे फेडले, बायकोवर खेकसणं सोडलं. सातव्या दिवशी नाथांनी विचारलं, या दिवसांत किती पापं केलीस? तो म्हणाला, सुचलंच नाही, मरण डोळ्यांपुढं होतं. नाथ म्हणाले, माझ्या डोळ्यांपुढून ते कधी हलतच नाही. मंडपात "पुंडलिक वरदे" झालं. मी टाळी वाजवली, पण डोक्यात भलतंच चाललं होतं.

कारण मी वर्गात जे शिकवतो ते जवळजवळ उलटं आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग आहे. ॲरिझोनातल्या २२ न्यायाधीशांपुढं कागदावरचा एक खटला ठेवला. वेश्याव्यवसायाच्या आरोपात धरलेल्या बाईला जामीन किती रकमेचा लावाल? त्यातल्या काहींना त्याआधी स्वतःच्या मृत्यूबद्दल चार ओळी लिहायला लावल्या होत्या. ज्यांनी लिहिल्या नाहीत त्यांची सरासरी ५० डॉलर निघाली, ज्यांनी लिहिल्या त्यांची ४५५. अर्थ असा लावला गेला की मरणाची आठवण झाली की माणूस आपल्या जातीच्या, धर्माच्या, देशाच्या रीतीला जास्त घट्ट धरतो आणि रीत मोडणाऱ्यावर जास्त चिडतो. रीत आपल्यामागंही उरणार असते ना. या सिद्धांतातला असाच एक गाजलेला प्रयोग पुढं अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा करून पाहिला, तेव्हा परिणाम हाती लागला नाही. म्हणून आता मी तो वर्गात जरा हात राखूनच सांगतो. तरीपण बुवांची गोष्ट आणि ते न्यायाधीश एकत्र बसेनात.

दुसऱ्या दिवशी गारमाथ्याचा चढ लागला. बालाघाटाचा डोंगर, पाऊस नव्हताच, दगड तापलेले. पुढच्या एका दिंडीतले एक बाबा चढावर खाली बसले ते उठलेच नाहीत. ॲम्ब्युलन्स आली, पादुका पुढं गेल्या, टाळ थांबले नाहीत. थांबायचे कसे? गावाकडं माळकरी गेला की याच टाळ-मृदंगात त्याला नेतात, अभंगही बहुतेक तेच.

संध्याकाळी पाटोद्याच्या बाजूला पालं पडली आणि टँकरवरून जुंपली. रोज कुणीही कुणाच्या टँकरचं पाणी घ्यायचं. त्या दिवशी आमच्यातल्याच एकानं चावीवर हात ठेवला. "आपल्या दिंडीचा नंबर दाखवा, मग भरा." परक्या दिंडीतल्या बायका कळश्या घेऊन उभ्या. विणेकरी बुवांनी येऊन त्याला बाजूला केलं म्हणून भागलं. माणूस वाईट नव्हता, सकाळी त्यानंच बाबांना पंख्यानं वारा घातला होता. मला ॲरिझोनाचे न्यायाधीश पाटोद्याच्या माळावर दिसले.

पण त्याच रात्री आमचे अण्णा माझ्या पालात आले. धाकट्या भावाशी बांधावरून तीन फुटांचं भांडण, कोर्टात तारखा चाललेल्या, पोराच्या लग्नालाही एकमेकांकडं गेले नव्हते. म्हणाले, "सर, मोबाईलवर लिवा जरा. म्हणावं, बांध तुझाच धर, मला काय वर घेऊन जायाचं न्हाई." मी लिहिलं, वाचून दाखवलं. पाठवणार तेवढ्यात त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ द्या आजची रात." सकाळी काकड्याला भेटले तर म्हणाले, "पाठवलं न्हाई ना? बरं झालं. पंढरपूर होऊ द्या आधी."

तेव्हा मला वाटलं, की सात दिवसांची गोष्ट खरी आहे आणि न्यायाधीशही खरे असतील. मरण अचानक अंगावर आलं की माणूस मुठी आवळतो. ज्याच्याकडं ते रोज बसायला येतं त्याच्या मुठी सैल राहतात. नाथ एका दिवसात नाथ झाले नव्हते.

या रोजच्या बसण्याचं एक रूप मी मावशींकडं बघितलं, त्याच कोऱ्या लुगड्यावाल्या. माहेर सास्तूरचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या माहेरी होत्या. रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची माती, सगळी झोपलेल्यांवर. "आधी सोयरीक जमवताना भिंत किती हाताची ते विचारायचे," मावशी म्हणाल्या. "जाड भिंत म्हंजी घराणं मोठं. नंतर पोरगी द्यायची तर बाप बघायचा, घर पत्र्याचं हाय ना." सासरी दगडी वाडा होता. यांनी हट्ट करून अंगणात पत्र्याचं शेड घालून घेतलं आणि अजून त्यातच झोपतात, उन्हाळ्यात भाजून निघतात तरी. मी विचारलं, वारीत कसं वाटतं? "वारीत झ्वाप लागती बाबा. डोक्यावर निसतं कापड असतंय."

पुढचा प्रवास भरभर झाला. खर्डा, मग परंडा, मग सोलापूर जिल्ह्यातला ऊस आणि गर्दी.

पंढरीत महाद्वाराशी नामदेव पायरी आहे. आमच्या हिंगोलीतल्या नरसीचे नामदेव. संतांचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून १३५० साली त्यांनी समाधीसाठी देवळाची पायरीच मागितली अशी परंपरा आहे. समोर चोखोबांची समाधी. ते १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कुसू कोसळून मजुरांबरोबर गाडले गेले. पायरीची गंमत अशी की आता तिच्यावर कुणी पाय देतच नाही, सगळे वाकून डोकं टेकतात. नामदेवांनी मागितलेली गोष्ट भक्तांनी भक्तीपोटीच नाकारली.

डोकं टेकवून उठल्यावर अण्णांनी मला गर्दीतून बाजूला ओढलं. "सर, तो मेसेज जरा बदलून लिवा. दोन फूट सोडतो म्हणावं. तिसऱ्या फुटावर लिंब हाय, तो मी लावलाय, तो द्यायचा न्हाई." मी लिहिलं आणि त्यांचं मन बदलायच्या आत पाठवून टाकलं. भावाचं उत्तर लगेच आलं. अण्णांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून मीच वाचलं: "लिंब आबांनी लावलेला हाय. तुजा न्हाई."