आणखी एक ओळ

दुपारी भेंडी लावून झाली, वाफा भरला, तरी रात्रभर भिजवलेले निम्मे बी वाटीत तसेच उरले. पुडी नेहमीच गरजेपेक्षा मोठी असते. कुंपणालगतची रिकामी पट्टी दिसली आणि एक जुनी विनंती आठवली. १९९५ साली अलास्कातील अँकरेज येथे जेफ लोवेनफेल्स या बागकामाविषयी लिहिणाऱ्या स्तंभलेखकाने वाचकांना सुचवले होते, की भाजीची एक ओळ जास्तीची लावा आणि तिचे पीक गावातल्या अन्नछत्राला द्या. पुढे अमेरिकेतील बागकाम-लेखकांच्या संघटनेने ही कल्पना उचलून धरली आणि ती देशभर पसरली.

या विनंतीत मला आवडते ती तिची वेळ, कारण ती पेरणीच्या वेळी केलेली आहे. घरच्यांनी तोंड फिरवल्यावर आणि शेजाऱ्यांनी आपल्याला पाहून दार लावून घेण्यास सुरुवात केल्यावर जे उरते, ते देण्यात फारसे काही लागत नाही. बी टोचतानाच ही ओळ आपली नाही असे ठरवले, की तिला पाणीही तितक्याच निगुतीने घालावे लागते.

आजी परसातली भेंडी सकाळी ऊन चढण्याआधी काढत असे. बारीक लवेने हात खाजत, म्हणून मी टोपली धरण्यापुरताच कामाचा होतो. ती प्रत्येक भेंडीचे टोक अंगठ्याने दाबून पाही. कट्‌कन मोडले तर ती टोपलीत, नुसते वाकले तर बाजूला. पलीकडच्या घरातील कर्त्या माणसाचे काम सुटले होते, तेव्हा टोपली तिकडे जाई आणि बाजूला ठेवलेली जून भेंडी आमच्या कढईत पडे. तिचे दोरे दातांत अडकत आणि मला या औदार्याचा भयंकर राग येई.

आज मात्र मी याच बाबतीत हट्टी आहे. मनगटाएवढी झालेली काकडी किंवा तडकलेला टोमॅटो पिशवीत घालून दानाचे समाधान मिळवणारे लोक मला सहन होत नाहीत. अमेरिकेत १९९६ साली कायदा करून, सद्हेतूने संस्थांना अन्न देणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण देण्यात आले. घोर निष्काळजीपणाला मात्र त्यात माफी नाही. जून भेंडीचा उल्लेख त्यात असायला हवा होता, असे आपले माझे मत. शिवाय भेंडी वेळेवर काढली नाही आणि झाडावरच बी धरू दिली, तर झाड नव्या फुलांसाठी हात आखडते. म्हणजे दुसऱ्याची ओळ विसरलो, तर तीही आपल्याला विसरते.

बी टोचून झाल्यावर जवळच्या अन्नछत्रात फोन केला. पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते, कांदा, गाजर, भोपळा टिकतात, आणि भेंडी रोज शिजवायची तर चिरायला माणसे लागतात. तेव्हा भेंडी चालेल ना, की दुसरे काही लावू, असे विचारले. जेवायला येणाऱ्यांना काय आवडते, हेही विचारून पाहिले. पलीकडून अगदी आपुलकीने उत्तर आले, ‘काहीही चालेल हो.’ ते ऐकून बरे वाटायला हवे होते, वाटले नाही.