पेन्सिली ११
माझा धंदा जुन्या सामानाचा. फोंड्यातल्या गाळ्याच्या पाटीवर 'अँटिक' असं लिहिलंय, पण गावात मला भंगारवालाच म्हणतात, आणि त्यात फारसं चूकही नाही. मे महिना आमच्या हंगामाचा. पावसाआधी लोक कौलं परतायला घेतात, त्यासाठी माळा रिकामा करतात आणि मग आमची आठवण होते. ती होते कागद जाळून झाल्यावर. समया, घंगाळं, तपेली मोजून ओळीत लावलेली आणि परसात राखेचा ढीग. त्यात लेबलं, बिलबुकं, कॅलेंडरं, जाहिराती. पितळ मला कुठेही मिळतं हो! गोव्याचा पावसाळा, वाळवी आणि कसर यांच्या तावडीतून साठ-सत्तर वर्षं सुटलेला कागद शेवटी घरच्याच माणसाच्या काडीने जातो.

म्हणून डिचोलीच्या त्या घरी मी सकाळी साडेसातलाच जाऊन थडकलो. आजी ऐंशीच्या पुढच्या. घराच्या दर्शनी खोलीत पूर्वी सासऱ्यांचं दुकान होतं: वह्या, शाई, पाट्या, थोडा किराणा. वास्कोहून आलेला भाचा तराजूजवळ उभा राहून मोबाइलवर त्याचा अमेरिकेतला भाव मला वाचून दाखवत होता. असे भाचे हल्ली प्रत्येक घरात असतात. त्यांना सगळ्याचा भाव ठाऊक असतो, वस्तू कशाला वापरायची ते विचारू नये.

फडताळाच्या तळाशी, पत्र्याच्या डब्याखाली, एक जाहिरात सापडली. दुकानाच्या काउंटरवर उभं करायचं जाड पुठ्ठ्याचं कार्ड, मागे टेकण. कोहिनूर पेन्सिलीचं. कोपरा कसरीने खाल्लेला, पण पिवळा रंग असा ताजा की हात लावायला भीती वाटावी. हल्ली अशी कार्डं चहात बुडवून, कडा जाळून 'जुनी' केलेली येतात आणि कांदोळीचे कॅफेवाले ती आनंदाने टांगतात. माझ्या खिशात सोनाराचं भिंग असतं. आजच्या छपाईत ठिपके एकसारख्या रांगेत बसतात. जुन्या शिळाछापाच्या रंगात दाणे वेडेवाकडे विखुरलेले दिसतात, वाळू सांडावी तसे. इथे वाळू होती. शिवाय कोपऱ्यात हाताने लिहिलेली किंमत तांगांत, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या गोव्याच्या नाण्यांत. सोळा तांगांची एक रुपिया. १९५०च्या दशकाच्या अखेरीला एस्कुदो आले आणि हा हिशेब संपला. म्हणजे कार्ड त्याच्या आधीचं.

मला या पेन्सिलीचं पहिल्यापासून कौतुक आहे. आपल्याकडच्या हिऱ्याचं नाव घेऊन हार्टमुथ कंपनीने १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली. पिवळा रंग आणि मऊपासून कठीणपर्यंत सतरा प्रती. ती बोहेमियातून निघून मुरगाव बंदरात उतरायची आणि डिचोलीच्या मराठी शाळेतल्या पोराच्या हातात पडायची. भारताने १९५५ साली पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केल्यावरही इथे बटाटे हॉलंडचे नि सिमेंट जपानचं मिळत होतं, तिथे पेन्सिलीचं काय मोठंसं!

कार्डावरच्या त्या पत्र्याच्या डब्यात एक डझन पेन्सिली होत्या. कागदी पट्टी शाबूत, टोकं न काढलेली, सोनेरी अक्षरांत चेकोस्लोव्हाकिया. असा न उघडलेला डझन मी बावीस वर्षांत दोनदा पाहिलाय. मुंबई-पुण्याचे संग्राहक त्याला चार आकडी रक्कम मोजतात, पण पट्टी फाटली की निम्मेसुद्धा देत नाहीत.

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे: आवडलेल्या वस्तूकडे दुसऱ्यांदा बघायचं नाही. मी तराजूवर घासाघीस केली, समईचा पाय डुगडुगतो म्हणालो आणि जाता जाता बोललो, "ह्या पेन्सिलींचे तीनशे धरा."

"धर," आजी म्हणाल्या. "थांब, लिहून काढूया. तोंडी हिशेब माझ्या मामांना कधी चालला नाही." मामा म्हणजे सासरे. पेन मिळेना. भाच्याकडे मोबाइल होता, पेन नव्हतं. आजींनी डब्यातला डझन उचलला.

मला दिसत होतं काय होणार ते. "आजी, नको" एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, "का रे?" मी गप्प बसलो. अंगठ्याचं नख पट्टीखाली गेलं, टर्र आवाज झाला. त्यांनी सुरी आणली आणि अंगणाकडे तोंड करून सावकाश टोक काढलं. तांबूस ढलपी वळून पायरीवर पडली. इतक्या वर्षांनी लाकडाचा गोडसर वास असा सुटला, की मोबाइलमधून मान वर काढून भाच्यानेही विचारलं, कसला वास?

"पळय, अजून बरयता!" त्या म्हणाल्या. बघ, अजून लिहिते! रद्दीच्या पाठकोऱ्या कागदावर वळणदार अक्षरांत यादी उतरली. तराजू १, समई २, लाकडी पायली १, पुठ्ठ्याचं चित्र १. शेवटी पेन्सिली १२ लिहिलं, थांबल्या, दोनावर काट मारून एक केला.

"एक मी घेतली. तिचे पंचवीस उतरव."

मी पंचवीस उतरवले. नोटा मोजून हातात दिल्या. त्यांनी ती पेन्सिल पानाच्या डब्यात ठेवली.

आमोण्याच्या पुलापर्यंत मी स्वतःला समजावत होतो, की भाव दोघांनी कबूल केलेला, भाचा उभा होता, धंदा असाच चालतो. पलीकडे माशेलात चहाला थांबलो तर यादी पुन्हा काढून बघितली. नुकसान माझंच झालं, हे एका बाजूने खरं. पण ते मी बघत बसलो, कारण तोंड उघडलं असतं तर तीनशेचे पितळ उघडं पडलं असतं.

कार्ड विकायला काढलंय. पेन्सिली नाही. परवा पुण्याच्या एकाने विचारलं, पट्टी कुणी फाडली? म्हटलं, घरातच फाटली.

काल आजींचा निरोप आला. देवघरावरचा माळा उतरवायचा आहे, दुसऱ्या कुणाला बोलावू नको असं त्यांनी भाच्याला बजावलंय. त्या मुलाचा हिशेब चोख असतो, म्हणाल्या. शाईच्या रिकाम्या बाटल्या आहेत म्हणे, खोकंभर.