गर्दीत टिकतील तेवढेच नियम

सुरुवातीला आमच्या मेडिकलमध्ये औषधं कंपनीनुसार लावलेली होती. ऑर्डर द्यायला ती मांडणी सोयीची, पण शोधताना वेळ जायचा. मग सगळी औषधं मूळ नावाने, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर आतल्या औषधाच्या नावाने, वर्णानुक्रमे लावली. रॅक देखणे झाले, पण धोका वाढला. क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड शेजारी आले. पहिलं मानसिक आजारावरचं, दुसरं रक्तातली साखर उतरवणारं. हायड्रॅलाझिन रक्तदाबाचं आणि हायड्रॉक्सिझिन खाजेचं, तीही एकाच खणात. घाईतला डोळा पहिली चार अक्षरं वाचतो आणि उरलेलं नाव स्वतःच पुरं करतो. म्हणून अशा जोड्या मुद्दाम लांब ठेवल्या, वर्णानुक्रम मोडला तर मोडला. खणावरच्या पट्टीवर इंग्रजी नावातला वेगळा भाग तेवढा मोठ्या अक्षरांत छापला. ही युक्ती आमची नव्हे, अनेक देशांतली रुग्णालयं ती वापरतात.

तेव्हापासून प्रत्येक नव्या नियमाला एकच प्रश्न विचारतो: काउंटरवर माणसं ताटकळलेली आहेत, फोन वाजतोय, अशा वेळी हा पाळला जाईल का? नसेल, तर तो भिंतीवरचा कागदच. असे बरेच कागद आम्ही काढून टाकले.

मुदतीचंच घ्या. ‘आधी आलेला माल आधी विका’ हे औषधांना पुरत नाही, कारण नंतर आलेल्या बॅचची मुदतही आधी संपू शकते. त्यामुळे माल लावतानाच एक्स्पायरी बघायची, आधी संपणारा पुढे, बाकीचा मागे. विकताना तपासू म्हटलं की गर्दीत ते राहतंच. स्ट्रिप कापताना बॅच आणि मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत आमच्याकडे राहतं, आणि कापलेला तुकडा ज्या पाकिटात जातो त्यावर नाव, बॅच, मुदत लिहिलेली असते.

बॅच नंबर बिलावर कशाला, असं नवीन मुलं विचारतात. त्यांना १९३७ची गोष्ट सांगतो. अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात बनवून बाजारात आलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. उरलेल्या बाटल्या सरकारी निरीक्षकांनी दुकानांच्या विक्रीनोंदी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या धुंडाळत परत मिळवल्या. पुढच्याच वर्षी तिथे औषधसुरक्षेचा नवा कायदा आला. एखादी बॅच परत मागवली गेली तर ती कोणाच्या घरी आहे हे आम्हाला सांगता आलं पाहिजे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते फ्रीजने. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं हे सगळ्यांना पाठ असतं, पण लोक फक्त उन्हाळ्याला घाबरतात. गोठलेलं इन्सुलिनही टाकूनच द्यावं लागतं. धनुर्वात, हिपॅटायटिस बी अशा लशी एकदा गोठल्या की पुन्हा वितळून दिसायला ठीक वाटतात, पण कामाच्या राहत नाहीत. साध्या फ्रीजमध्ये मागची भिंत शून्याखाली जाऊ शकते आणि दाराचा कप्पा प्रत्येक उघडझापीला तापतो. म्हणून माल मधल्या फळ्यांवर, भिंतीपासून सुटा ठेवतो. थर्मामीटर कमाल-किमान दाखवणारा घेतला, कारण सकाळी दिसणारे ५ अंश रात्री काय झालं ते सांगत नाहीत. वीज गेली की दार उघडायचं नाही, एवढं एक वाक्य फ्रीजवर लावलंय. पाण्याची बाटली किंवा डबा आत ठेवायला मनाई आहे. त्यावरून थोडी कुरबुर झाली, अजूनही होते!

काउंटरवर मात्र आम्ही मुद्दाम वेग कमी केला. औषध काढणारा एक, चिठ्ठीशी ताडून हातात देणारा दुसरा. ‘समजलं ना?’ हा प्रश्न बंद केला, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. ‘हे कसं घ्यायला सांगितलंय?’ असं विचारतो. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं. त्यामुळे ठरलेला वार पाकिटावर लिहिल्याशिवाय ते बाहेर जात नाही. पॅरासिटामॉलचे बाळांचे थेंब अनेकदा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात आणि सिरप ५ मिलिलिटरला १२५. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर डोस चौपट होतो. तिथे चमचा हा शब्दच आम्ही वापरत नाही, मिलिलिटर सांगतो आणि मापावर खूण करून देतो.

औषध गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी पकडलेल्या चुकांची एक वही आहे. तिच्यात कोणाचं नाव लिहीत नाही. नावं लिहिली असती तर वही कोरीच राहिली असती.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक न देण्याने काही गिऱ्हाइकं तुटली. काही परत आली, काही नाही. धंद्याला तो फटका होता आणि तो आम्ही धरूनच चाललो.

सध्या डोकं खातंय ते घरपोच पाठवणं. दुकानातला फ्रीज ताब्यात आहे, वाटेतली पिशवी नाही. थंड पेटीत बर्फाचा पॅक इन्सुलिनला थेट टेकला तर ते गोठण्याची भीती, म्हणून मध्ये पुठ्ठा घालून पाहतोय. पोचवणाऱ्या मुलाने दारात पेटी ठेवून निघून यायचं नाही, माणसाच्या हातात द्यायचं, एवढं ठरलंय. कसं घ्यायचं हे मात्र दारात उभं राहून त्याने सांगू नये. त्यासाठी फार्मासिस्टचा फोन जातो, आणि तो उचलला नाही तर औषध परत येतं.