माळवदाचे खांब

आमचं शेत औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. एवढं सांगितलं की लातूरकडच्या माणसाला पुढचं कळतं. शेतात मातीचं घर बांधतोय म्हटल्यावर गावातल्या एकानेही ‘बरं झालं’ म्हटलं नाही. माय तर म्हणाली, ‘‘बांध बाबा. पण मी त्या भिताडाखाली निजायची नाही.’’

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी नऊ वर्षांचा होतो. आजी माजघरात होती, मी आणि माय पुढच्या खणात. माजघराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, नुसत्या भिंतींवर टेकलेलं होतं. भिंती फुटल्या आणि ते खाली आलं. पुढच्या खणात मात्र सागवानी खांब होते. तिथलीही भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली, पण छपराखालचा लाकडी कडीपाट खांबांवर तसाच राहिला. आम्ही दोघं त्याखालून बाहेर पडलो. आजीला दुपारी काढलं. त्या पहाटे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

तेव्हापासून आमच्याकडे माती म्हणजे मरण. मला ते चूक म्हणायचं नाही, आम्ही ते पाहिलंय. पण मोठा झाल्यावर मी पडलेल्या भिंती नीट बघत फिरलो आहे. अडीच-तीन फुटांची भिंत, आतून एक दगडी पदर, बाहेरून एक, आणि मधे चिपा नि माती भरलेली. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. हादरा बसला की दोन्ही पदर दोन दिशांना जायचे. आणि वर माळवद. पाऊस गळू नये म्हणून दरसाल पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा, जुना कोणी काढायचं नाही. आज्या-पणज्यांपासून साचत साचत दीड-दोन फूट जाडी झालेली. एका चौरस मीटरवर सुमारे ८०० किलो. दहा बाय बाराच्या खोलीत आपण नऊ टन मातीखाली झोपत होतो. आजीचा जीव मातीने घेतला नाही, त्या वजनाने आणि न बांधलेल्या दगडांनी घेतला. हे मला मायला सांगायचं होतं, आणि बोलून सांगता येणार नव्हतं.

शेतावर राहायला जायचं २०१६ साली ठरलं. आम्ही लातुरात भाड्याने राहत होतो. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने शहराला पाणी आलं. मुलगी दोन वर्षांची. घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहताना बायको म्हणाली, ‘‘आपल्या शेतावर पाऊस पडतो, तो तरी आपण धरू.’’ तिच्या त्या एका वाक्यावर घर उभं आहे.

काळ्या मातीवर घर बांधता येत नाही. उन्हाळ्यात मनगट जाईल अशा भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. म्हणून पाया पाच फूट, थेट मुरमापर्यंत नेला. शेततळं खोदताना निघालेला मुरूम चाळला, त्यात थोडी काळी माती आणि शेकडा आठ टक्के सिमेंट घातलं, आणि हाताने दाबायच्या मशीनवर अडीच हजारांवर विटा पाडल्या. भट्टी नाही. ओल्या गोणपाटाखाली चार आठवडे ठेवल्या. जोत्यावर एक आणि दारं-खिडक्यांच्या वर एक, असे सळई घातलेले सिमेंटचे पट्टे घराभोवती सलग फिरवले, चारही कोपऱ्यांत उभ्या सळया. वर पत्रे, खाली तुराट्यांची ताटी, म्हणजे ऊन थेट डोक्यावर येत नाही. सगळं धरून छपराचं वजन चौरस मीटरला २० किलोच्या आसपास.

आणि खांब. भूकंपानंतर वडिलांनी, अण्णांनी, आमचे चार खांब बैलगाडीतून नव्या गावात आणले होते. सरकारी घराच्या मागे पत्र्याखाली ते तेवीस वर्षं पडून होते. अण्णा गेले तरी मायने ते कोणाला विकू दिले नाहीत, जाळू दिले नाहीत. ओसरीला ते लावू का, हे विचारताना माझा आवाज नीट निघत नव्हता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने चारही खांब गोडेतेलाने पुसून काढले. एका खांबाला कमरेच्या उंचीवर जुना खिळा आहे, आजी त्याला जपमाळ अडकवायची. तो तसाच ठेवलाय.

विजेचं थोडक्यात सांगतो. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, दीड किलोमीटरवर, पोल टाकायचा खर्च आवाक्याबाहेर. छपरावर एक किलोवॅटचे पॅनल आहेत आणि १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. हिशेबाने त्यात साडेतीन युनिट मावतात, पण निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत. आणि त्यांतलं पाणी बघत राहायचं, हे मी किंमत मोजून शिकलो. ज्याने बसवून दिलं त्याने पाण्याची पातळी बघायला सांगितलंच नाही. आमच्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी उडालं, प्लेटा उघड्या पडल्या आणि पहिली जोडी चौदा महिन्यांत गेली. आता दर महिन्याच्या एक तारखेला मुलगी टॉर्च धरते, मी एकेक बूच उघडून डिस्टिल्ड वॉटर घालतो. रात्री मीटरवर २४.४ व्होल्ट दिसलं, म्हणजे बॅटऱ्या निम्म्यावर आल्या, की टीव्ही बंद, हे तिला माझ्याआधी कळतं. आषाढात सलग ढग राहिले तर मिक्सर लावत नाही, चटणी पाट्यावर वाटतो.

पाणी मात्र पुरून उरतं. ८० चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ८० लिटर. पहिला पाऊस सोडून द्यायचा, मग पन्हाळीतून २० हजार लिटरच्या टाकीत. पिण्या-स्वयंपाकाला आम्हा चौघांना रोज ४० लिटर लागतं. म्हणजे वर्ष निघतं. जास्तीचं विहिरीत जातं.

माय पहिली दोन वर्षं लिंबाखालीच निजली. पाऊस आला तर ओसरीवर, खांबाला बाज टेकवून, आत नाही. मी कधी आग्रह केला नाही. गेल्या दिवाळीच्या आधी भिंती सारवायला काढल्या. शेणकाला आणि गव्हाचं भुस्कट मी आदल्या दिवशी कालवून ठेवलं होतं. सकाळी उठून बघतो तर माय आतल्या खोलीत, पदर खोचून, तळहाताने अर्धगोल फिरवत सारवत होती. पायापासून वर, जिथवर हात पोचतो तिथवर. पट्ट्यापाशी थांबून तिने बोटांनी तो चाचपला. ‘‘हा गोल फिरलाय ना सगळीकडून?’’ मी म्हटलं, ‘‘हो माय, चारी बाजूंनी.’’ ती पुन्हा सारवायला लागली.

तिची लोखंडी पेटी आता त्या खोलीत आहे. बाज अजून ओसरीवर असते.