दोन दारांची गाडी

शनिवार, रात्र

आईचा फोन ठेवून तास झाला, तरी तिचं वाक्य डोक्यातून जात नाही. "दोनच दारं? मग मी कुठून चढू रे?"

तीन आठवडे वहीत दोन रकाने आखून बसलोय. एकीकडे फोर्डची २०१९ ची मस्टँग जीटी, पाच लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, ४६० हॉर्सपॉवर. दुसरीकडे डॉजची त्याच सालची चॅलेंजर स्कॅट पॅक, ६.४ लिटर, ४८५. आज डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर दोन्ही चालवल्या. चॅलेंजर जवळजवळ सव्वादोनशे किलोनं जड आहे, वळणावर अंग टाकते. मस्टँग मनात आलं की वळते. पण सिग्नलला चॅलेंजर नुसती उभी असली तरी तिचं इंजिन पाठीच्या कण्याला कळतं. शिवाय कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून तिची शेवटची गाडी डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडली. मस्टँग तर इथून पाऊण तासावर, फ्लॅट रॉकला अजून बनतेच आहे.

एवढं सगळं लिहिलं, आणि दारांचा रकानाच नाही.

बारा वर्षं मिनीव्हॅन चालवली. कारसीट, शाळा, मंडळाच्या गणपतीचं मखर, कुणाकुणाला एअरपोर्टवरून आणणं. तुला कुठली गाडी हवी, असं कुणी विचारलं नाही. एकदाच स्वतःसाठी काही बघायला गेलो, तर त्यातही... बाबांच्या स्कूटरचं आठवलं. ते आज नको.

आई मागेच बसते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही मागेच. "पुढे अनघाला बसू दे." मी कधी आग्रह केला? खूप आठवून पाहिलं. एकदाही नाही. सरकतं दार उघडून दिलं की माझं काम झालं, असंच मी धरून चाललो.

मघाशी अनघाला सांगितलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "मी बसेन की मागे, त्यात काय?" इतकं सोपं होतं.

मागच्या सीटवर पायांना मस्टँगमध्ये २९ इंच जागा, चॅलेंजरमध्ये ३३. हा आकडा आधीपासून वहीत होता, अगदी तळाला. आज त्याच्याभोवती गोल केला.

आई मे महिन्यात येईल. सोमवारी टेप घेऊन डीलरकडे जातो. चॅलेंजरचं दार लांबलचक आहे, आमच्या गॅरेजमध्ये ते पूर्ण उघडेल का बघायला हवं. आणि पुढची सीट जमिनीपासून किती उंच आहे, तेही.