आतल्या बाजूची काच

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधीच्या गुरुवारी आम्ही दोघं अक्कलकोटला निघालो होतो. जेमतेम चाळीस किलोमीटरचा रस्ता. लवकर दर्शन उरकून दहापर्यंत परत यायचं, असा बेत. कुंभारी मागे पडली आणि सूर्य वर आला. वर म्हणजे कुठे, थेट माझ्या डोळ्यांसमोर. अक्कलकोटचा रस्ता सोलापुरातून आग्नेयेला जातो आणि ऐन थंडीत सूर्यही तिकडूनच उगवतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत या रस्त्यावर सकाळी गाडी चालवणं म्हणजे सूर्यावरच निघाल्यासारखं असतं. समोरची अख्खी काच एका क्षणात पांढरी झाली. जणू कोणी तिच्यावर ताक ओतलं.

"अहो, ट्रॅक्टर!" बायको ओरडली.

उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दिवा एकाही ट्रॉलीला नाही. ब्रेक दाबला. मग पाणी मारलं, वायपर फिरवले. चार वेळा फिरवले. बाहेरची काच लखलखीत झाली असणार, पण ताक तसंच. तेव्हा बायकोनं हात लांब करून काचेवर आतून एक बोट ओढलं. बोटाएवढ्या पट्टीतून शेत दिसलं, ट्रॅक्टर दिसला, उसाची लोंबणारी पाचटसुद्धा दिसली. तिनं बोट अंगठ्याला घासून पाहिलं. "चिकट आहे," ती म्हणाली. "गॅसमागच्या फरशीसारखं."

वळसंगपर्यंत मी त्या बोटभर पट्टीतून गाडी चालवली. स्वामींनीच चालवली म्हणा.

गाडी बाहेरून मी दर रविवारी धुतो. टायरसुद्धा घासतो. आतल्या काचेला मात्र सहा वर्षांत फडकं लागलं नव्हतं, कारण आत घाण येणार कुठून, असं मला वाटायचं. धूळ बाहेर, चिखल बाहेर, किडे बाहेर. आत मी, बायको आणि डॅशबोर्डवरचा गणपती.

घाण आतूनच येते, हे नंतर कळलं. नव्या गाडीचा म्हणून जो वास आपण छाती भरून घेतो, तो प्लास्टिकचा, रेक्झिनचा, डिंकाचा असतो. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जी तेलकट द्रव्यं घातलेली असतात, ती उन्हात हळूहळू बाहेर पडतात आणि काचेवर जाऊन बसतात. आता सोलापूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४२-४३ वर, ऑफिसबाहेर सावलीच्या सगळ्या जागा दहाच्या आधीच गेलेल्या, गाडी काचा बंद करून आठ तास उन्हात. स्टिअरिंगला हात लावायचा तर रुमाल लागतो. अशा भट्टीत डॅशबोर्डला घाम फुटणारच. तो घाम वाफ होऊन वर जातो आणि समोरच्या काचेवर त्याचा पातळ थर धरतो. सूर्य पाठीमागे असेल तर थर अजिबात दिसत नाही. समोरून तिरकं ऊन आलं किंवा रात्री पुढच्या गाडीचा दिवा आला, की थराचा कण न् कण पेटतो.

त्यात माझी स्वतःची भर वेगळीच. डॅशबोर्ड चमकवायचं एक तेलकट पॉलिश मिळतं. ते मी हौसेनं दर महिन्याला चोळत होतो. म्हणजे काचेवर जे चढत होतं, त्याला खुराक मीच पुरवत होतो. शिवाय गुरुवारची उदबत्ती.

तर रविवारी कामाला लागलो. आमच्या गावात टॉवेलला काय तोटा! सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्याच रुबाबात कपाटातला एक कोरा टॉवेल काढला, पाण्यात बुडवला आणि पुसायला घेतलं.

बाहेरची काच पुसताना माणूस उभा असतो, आतली पुसताना त्याची घडी होते. काच पुढे उतरत जाते, डॅशबोर्ड मागे येत जातो आणि दोघांच्या सांदीत, खाली, हात काही जात नाही. ड्रायव्हरच्या सीटवर गुडघा टेकवून पुढे वाकलो तर डोकं आरशाला लागलं. आरसा चुकवायला गेलो तर पोट हॉर्नवर पडलं. रविवारी सकाळी आठ वाजता पोटानं वाजवलेला हॉर्न अख्ख्या गल्लीनं ऐकला. बायको गॅलरीतून म्हणाली, "इतकं जोर लावून दाबू नका, काच फुटेल." ती काही अशी फुटत नाही. समोरची काच एक नसते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. १९०३ मध्ये बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक चंबू पडला, तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत एका द्रावणाची साय वाळून बसली होती. तिथून ही कल्पना निघाली. हे सगळं मी तिला त्या अवघडलेल्या अवस्थेतून सांगितलं. ती आत निघून गेली होती.

अर्ध्या तासानं काच पाहिली. आधी नुसती धूसर होती, आता तिच्यावर फराटे उठले होते, आणि फराट्यांवर टॉवेलची पांढरी लव.

"काय करलालाव सर?"

शेजारचे मामा. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, त्यांनी तीस-बत्तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी. मी काच दाखवली. त्यांनी काचेकडे पाहिलंच नाही. माझ्या हातातला टॉवेल घेतला, उलटा केला, अंगठ्याच्या नखानं धाग्याचा एक वेढा उचलला, ताणला, सोडला. मग टॉवेलाची कड दोन बोटांत चुरगाळून कानाजवळ नेली. खरंच, कानाजवळ.

"खळ हाय की अजून ह्यात," म्हणाले. "खळ गेल्याशिवाय टॉवेल पाणी पीत न्हाई. नुसतं हिकडचं तिकडं करतोय."

मी आत जाऊन रोजच्या वापरातला, चांगला मऊ, धुतलेला टॉवेल आणला. मामांनी वास घेतला आणि परत दिला. "हे त्याच्याहून वाईट. वासाचं पाणी घालताव न्हवं धुताना?" कपडे मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात जे कंडिशनर घालतात, त्याचा लेप धाग्यावर बसतो. माणसाला मऊ लागतं, काचेला तेल लागतं. तीस वर्षं टॉवेल विणलेल्या माणसाला मी टॉवेल दाखवत होतो, याची मला त्या क्षणी लाज वाटली.

शेवटी त्यांच्याच घरून एक जुनं धोतर आलं. शेकडो धुण्यांतून गेलेलं, सायीसारखं झालेलं. त्याचे तीन तुकडे केले. बादलीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, दोनच, कारण जास्त घातला तर साबणाचाच थर बसतो. पहिल्या तुकड्यानं साबणपाणी, दुसऱ्यानं साधं पाणी, तिसरा कोरडा. गाडी आधी कडुलिंबाखाली लावायला लावली. उन्हात पाणी पुसायच्या आत वाळतं आणि डाग तसाच राहतो. पहिला तुकडा पिळला तेव्हा पाणी चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखं निघालं. सहा वर्षं मी त्यातून जग बघत होतो.

आणखी एक गोष्ट मामांनी सांगितली, ती मला फार आवडली. आतून पुसायचं ते आडवं, बाहेरून पुसायचं ते उभं. मग फराटा राहिलाच, तर तो आडवा आहे की उभा, यावरून काचेच्या कुठल्या बाजूचा ते बसल्या जागी कळतं. ताणा-बाण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाच हे सुचणार.

सांदीतला डावा कोपरा मात्र माझ्यानं होईना. हात उलटा करून, तळवा वर धरून पाहिला, तरी मनगट अडकायचं. बायको खाली आली, "सरका," म्हणाली, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन मिनिटांत कोपरा पुसून वर निघून गेली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा निघालो. कुंभारी गेली, सूर्य समोर आला. मी सवयीनं मान खाली घातली, पण तशी गरज नव्हती. रस्ता, झाडं, लांबवरची एसटी, सगळं नीट दिसत होतं. दोन्ही बाजूंना शाळू कणसात आलेला, आणि पाखरं राखायला कोणी तरी बांधावर डबा वाजवत उभा होता, तोसुद्धा दिसला.

एवढ्यात डाव्या कोपऱ्यात ऊन आलं आणि तिथं एक फराटा चमकला. आडवा असता तर माझा. उभा असता तर बाहेरचा, तोही माझाच. मी वेग कमी करून नीट पाहिलं. तो तिरका होता.

मी काही बोललो नाही. बायको तिच्या बाजूच्या खिडकीतून शाळू बघण्यात अगदी गुंगून गेली होती.